ठकीचं न झालेलं बाळंतपण

चौसष्टाव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी ठकीचा ताप पाहिला, थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला आणि आमच्या उघड्या दारातून आत ओरडल्या, "उतरला हो शेजारी! नव्याण्णवच्या खाली आला. आता चोवीस तासांच्या आत मोकळी होते बघा पोर!"

मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी "वा, वा!" म्हणालो. त्या "वा, वा"ची मला अजून लाज वाटते. कारण ठकी त्या वेळी बाळंत होणार नव्हती, मरायला लागली होती. पोटातल्या विषानं तिचं अंग गार पडत चाललं होतं आणि आम्ही सगळे, त्यात छत्तीस वर्षं प्रसूती विभागात काढलेली एक बाई धरून, आनंदानं टाळ्या पिटत होतो.

हे असं कसं झालं ते कळायला आधी सिस्टर कळायला हव्यात.

सिस्टर आमच्या समोरच्या दारात राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात छत्तीस वर्षं नोकरी करून त्या मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. आमच्या भागात छत्तिशीच्या आतलं जे काही चालतंबोलतं आहे, त्यातलं निम्मं त्यांच्या हातावर जन्मलेलं आहे आणि त्यातल्या एकालाही त्या ते विसरू देत नाहीत. बँकेचा तरुण मॅनेजर एकदा बिल भरायच्या रांगेत त्यांच्या पुढे घुसला. त्या एवढंच म्हणाल्या, "मागे हो. तुला पायाला धरून उलटा लटकवलाय मी. रडत नव्हतास." मॅनेजर मागे झाला. रांगेतले आणखी दोघे, कारण नसताना, मागे झाले.

लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रजा मंजूर झाली नाही."

त्यांची कामाची एक रीत होती. बाई कळा देत आरडाओरडा करत आली, बरोबर सहा नातेवाईक, डॉक्टर घाईला आलेले, अशा वेळी सिस्टर हात धुऊन यायच्या, पोटावर तळवा ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि रेडिओवर कुठलं तरी लांबचं स्टेशन लागतंय का बघावं तशा थांबायच्या. मग डोळे उघडून म्हणायच्या, "वेळ आहे अजून. हिला चालवा." पोट फाडून घ्यायच्या तयारीनं आलेल्या कितीतरी बायका या एका वाक्यामुळे धड पोटानं घरी गेल्या. नवे डॉक्टर त्यांच्या पाठीमागे त्यांना "वेळ आहे बाई" म्हणत आणि अडलं की पहिल्यांदा त्यांनाच बोलावत. थांबणं हा सिस्टरांचा हुन्नर होता. दुसरे लोक हातानं काम करतात, सिस्टर हात आवरून करायच्या.

ठकी, त्यांची कुत्री, त्यांना सात वर्षांपूर्वी दवाखान्याच्या जिन्याखाली सापडली. अॅप्रनच्या खिशात मावेल एवढी होती. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. सिस्टर म्हणायच्या, "एक ड्युटीवर, एक रजेवर." टोचून आणायला तिला जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं, तेव्हा डॉक्टरीण नुकतीच दवाखाना उघडून बसली होती. तिनं सुई टोचली, कार्डावर तारीख घातली आणि शिकल्याप्रमाणे सांगितलं, "सिस्टर, हिला पिल्लं नको असतील तर लवकर ऑपरेशन करून टाका. पहिल्या माजाच्या आधी केलं तर फारच चांगलं. पुढे छातीच्या गाठी, पिशवीचे आजार, पुष्कळ काय काय टळतं."

"पिशवी काढायची?" सिस्टर म्हणाल्या. "एकसुद्धा बाळंतपण न होता?"

"एकदा तरी व्हायला पाहिजे असं काही नसतं हो. लोक म्हणतात, पण त्याचा तिला फायदा काहीच नाही."

"अस्सं." सिस्टरांनी ठकीला उचलून कडेवर घेतलं. "माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली तू. आईला तेवीस तास ताटकळत ठेवलंस. मान नाळेत अडकवून घेतली होतीस स्वतःची, ती या बोटांनी सोडवली. आता तू मला पिशव्यांबद्दल सांग."

डॉक्टरणीनं बिचारीनं नुसतं कार्ड पुढे केलं. स्वतःच्या नाळेचा विषय निघाल्यावर माणूस काय बोलणार?

तेव्हापासून ठकीचं ऑपरेशन "एकदा होऊ दे, मग करू" या सदरात गेलं. पहिल्या माजाला ती लहान होती. दुसऱ्याला सिस्टरांना जादा ड्युट्या होत्या. नंतर स्थळ मिळेना. म्हणजे स्थळं कुंपणापाशी रोज आठ-दहा येत, पण सिस्टरांना त्यांतलं एकही घरंदाज वाटेना. अशी सात वर्षं गेली. ठकीच्या हनुवटीवर पांढरे केस आले. निवृत्तीच्या समारंभाहून पुष्पगुच्छ घेऊन आल्या त्या संध्याकाळी त्या आम्हाला म्हणाल्या, "एवढी बाळंतपणं केली, पण सगळी दुसऱ्याच्या घरची. माझ्या घरात एकदा होऊ दे. आता वेळच वेळ आहे. शेजारी, तुम्हाला काय वाटतं?"

मला गॅलरीतलं तुळशीएवढं रोपसुद्धा जगवता येत नाही. पण मी चेहरा अभ्यासू करून म्हणालो, "निसर्गाचा नियमच आहे तो. एकदा आई झाली की पुढे प्रकृती चांगली राहते." कुठून आणलं मी हे? कुठूनही नाही. ऐकलं होतं. आणि वर एक पिल्लू मागून ठेवलं, तपकिरी, शक्यतो पडलेल्या कानाचं.

स्थळ शेवटी घराखालीच निघालं. खालच्या औषधाच्या दुकानदाराकडे एक गुबगुबीत, शांत, दिवसभर वजनकाट्यावर झोपणारा कुत्रा आहे. गिऱ्हाइकाला वजन करायचं असलं की दुकानदार त्याला उठवतो, तो उठतो, गिऱ्हाईक उतरलं की परत झोपतो. सिस्टरांना हा स्वभाव आवडला. माज आल्यावर दोन दिवस ठकीला खाली मागच्या अंगणात नेण्यात आलं. त्या दिवसापासून दुकानदार सिस्टरांना "विहीणबाई" म्हणायला लागला आणि सिस्टर त्याला "व्याहीबुवा". औषधांच्या कपाटामागून हाक यायची, "विहीणबाई, सूनबाईंच्या गोळ्या काढून ठेवल्यात हो!"

सिस्टरांनी ठकीचा केसपेपर केला. रुग्णाचं नाव, वय, पहिलीच खेप, तारीख. कुत्रीचे दिवस त्रेसष्ट, हे एका पुस्तकात पाहून लाल शाईनं लिहिलं. डॉक्टरणीकडे जायचं नाही असं ठरलं. "ती पोट बघण्याआधी सोनोग्राफी करेल. मला नाही लागत ती."

आणि खरोखर सगळं जुळत गेलं, हेच तर वाईट झालं. ठकीचं पोट वाढलं. ठकी आळसावली. ठकी वाडगे वाडगे पाणी प्यायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "दुधाला पाणी लागतंच." ठकी जेवेना. "पोट भरलंय, जठराला जागा नाही." ठकीला उलटी झाली. "होणारच." घरी त्यांच्याकडे लाकडाचं एक छोटं कर्ण्यासारखं यंत्र होतं, जुन्या काळचं, पोटावर टेकवून पलीकडून कान लावायचा आणि बाळाचे ठोके ऐकायचे. सिस्टरांनी ते ठकीच्या पोटाला लावलं, घड्याळ समोर धरलं आणि मोजले. एकशे चव्वेचाळीस. त्यांचा चेहरा असा फुलला की सांगू नका. "एकशे चव्वेचाळीस! खुशाल आहेत लेकरं." आम्हालाही ऐकायला दिलं. मी ऐकलं. आमच्या हिनं ऐकलं. व्याहीबुवांनी तर डोळ्यांत पाणी आणून ऐकलं.

माणसाच्या बाळाचे ठोके तेवढेच असतात. छत्तीस वर्षं त्या कानांनी हाच आकडा ऐकला होता आणि हा आकडा आला की आईला सांगितलं होतं, काळजी नको. तोच आकडा इथे आला आणि त्यांनी तेच सांगितलं. आम्ही रांग लावून जे ऐकत होतो ते ठकीचं स्वतःचं काळीज होतं, तापानं धावत सुटलेलं.

तर चौसष्टावा दिवस. विणीच्या आदल्या दिवशी कुत्रीचा ताप उतरतो, हेही पुस्तकात होतं. उतरला होता. सिस्टर चादरी तापवत होत्या. मी गालावरचा साबण पुसून गेलो, तेव्हा आमची ही आधीच तिथे ठकीपाशी उकिडवी बसलेली होती. तिला पोटातलं काही कळत नाही आणि कळतं असं ती म्हणतही नाही. तिनं ठकीचा ओठ वर केला.

"सिस्टर, हिच्या हिरड्या बघा हो. कागदासारख्या झाल्यात."

"अशक्तपणा आहे. बाळंतपणात होतो."

"आणि ही माझ्याकडे बघत नाहीये. मी हाक मारली तरी."

सिस्टर येऊन बसल्या. तळवा पोटावर ठेवला. डोळे मिटले. आम्ही थांबलो. जरा जास्तच वेळ गेला. "वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या, पण आवाज शेवटी कुठेतरी घसरला.

"सिस्टर," आमची ही म्हणाली, "बाई असती तर मी तुमचंच ऐकलं असतं. ही कुत्री आहे हो." आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता तिनं डॉक्टरणीला फोन लावला. पलीकडून तीनच प्रश्न आले: पाणी किती पिते, जेवते का, माज येऊन किती दिवस झाले. मग मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "आत्ताच्या आत्ता आणा. काही खायला-प्यायला देऊ नका. निघा!"

चादरीची झोळी केली. चार टोकांपैकी दोन सिस्टरांनी धरली, दोन मी. जिना उतरताना त्या सारख्या मला बजावत होत्या, "डोक्याची बाजू वर, वर! शेजारी, हमाली करताय का? ती पेशंट आहे!" आवाजात हुकूम होता, पण डोक्याची बाजू त्यांच्याच हातात होती आणि तीच सारखी खाली जात होती. व्याहीबुवा दुकानात नव्हते, पण त्यांची गाडी दारातच उभी होती, तिचा ड्रायव्हर आम्हा तिघांना घेऊन निघाला. रस्ताभर ठकीनं एकदाच डोळे उघडले. शेपटी हलवावी असं तिच्या मनात आलं असावं. टोक तेवढं हललं.

डॉक्टरणीनं "या" सुद्धा म्हटलं नाही. ठकीला टेबलावर घेतलं, पोटावरचे केस भादरले, थंड चिकट मलम लावलं आणि पडद्याकडे बघत यंत्र फिरवायला लागली. सिस्टर तिच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. पडद्यावर काळे फुगे, एकाला लागून एक. मला वाटलं, हीच पिल्लं. मी मोजायलासुद्धा लागलो.

सिस्टरांना ते चित्र वाचता येत होतं. त्यांनी आयुष्यात शेकडो पाहिली होती. त्या मोजत नव्हत्या.

"एकही नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पिशवी पुवानं भरलीय. तोंड बंद आहे, त्यामुळे बाहेर काही आलं नाही. सगळं आतच."

"पण ठोके..."

"तिचेच, सिस्टर."

एवढंच. यापेक्षा हळू आवाजात, यापेक्षा दुष्ट वाक्य मी ऐकलेलं नाही आणि ती पोरगी काही दुष्ट नव्हती. सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या, पाठ औषधांच्या फ्रिजला लागली, तिथेच थांबल्या.

"पिशवी काढावी लागेल. लगेच," डॉक्टरीण हातमोजे चढवत म्हणाली. "ताप उतरला म्हणून तुम्हाला बरं वाटलं असेल, पण ती खचत चाललीय. वय सात. मूत्रपिंडांवर परिणाम झालेला दिसतोय. टेबलावर जाऊ शकते. नाही केलं तर नक्की जाईल. सात वर्षांपूर्वी ही पिशवी चमच्याएवढी..." इथे ती थांबली. बोलायचं नव्हतं ते अर्धं बोलून गेली होती.

सिस्टर म्हणाल्या, "बोल. पूर्ण बोल. मी तुला बोलू दिलं नव्हतं."

"आता नको. सही करा."

तिनं एक छापील कागद पुढे केला. शस्त्रक्रियेत काही बरंवाईट झाल्यास वगैरे. सिस्टरांनी पेन घेतलं आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, सराईतपणे, एका फटक्यात सही केली.

"तिथे नाही सिस्टर. ती जागा आमच्या नर्सची. तुम्ही इकडे, खाली."

खाली लिहिलं होतं, जनावराच्या मालकाची सही. सिस्टर त्या रेघेकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी असा कागद हजारो घाबरलेल्या नवऱ्यांपुढे, सासवांपुढे सरकवला असेल, "करा हो, नुसती पद्धत असते" असं म्हणून. त्यांनी कागद वरपासून वाचायला घेतला. प्रत्येक शब्द. डॉक्टरणीनं घाई केली नाही, पण तिचा एक पाय जमिनीवर टपटप वाजत होता. शेवटी सही झाली. ती त्यांची सही वाटत नव्हती. नुकतं अक्षर शिकलेल्या माणसाची वाटत होती.

"मी आत येते. मला सवय आहे, मी..."

"नातेवाईक बाहेर," डॉक्टरीण म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाहेर एक लाकडी बाक होतं. समोर भिंत. भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता, त्यात ठकीची जात नव्हती. सिस्टर बाकाच्या कडेला टेकल्या, उठल्या, दाराला कान लावला, परत आल्या, परत टेकल्या. मग मला विचारलं, आणि शपथेवर सांगतो, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, "शेजारी, बाहेर बसणारे काय करतात हो?"

मी आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी बाहेर बसलेला माणूस. म्हणालो, "काही नाही. दाराकडे बघतात."

"बस, एवढंच?"

"आणि आतून कुणी बाहेर आलं की त्याच्या चेहऱ्याकडे."

त्या दाराकडे बघायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बाहेर यायचे तेव्हा चेहऱ्यावर काही ठेवायचे नाही. मला वाटायचं, तेच चांगलं."

आमच्या थोरल्याच्या वेळी तो कोरा चेहरा घेऊन त्या बाहेर आल्या होत्या आणि पुढचं वाक्य येईपर्यंत मी दोनदा मेलो होतो. हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

अर्ध्या तासानं व्याहीबुवा आले. दुकानातल्या पोरीनं त्यांना "ठकीला दवाखान्यात नेलं" एवढंच सांगितलेलं. हातात कापसाचं मोठं बंडल, चेहरा उजळलेला. लांबूनच ओरडले, "किती झाली हो विहीणबाई? कुणावर गेलीत?"

आमच्या हिनं हातानं खूण केली, पण उशीर झाला होता.

"एकही नाही, व्याहीबुवा," सिस्टर म्हणाल्या. "नव्हतीच. पू होता."

व्याहीबुवा कापूस मांडीवर घेऊन बाकावर बसले. मोठा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. बंडल चाचपत म्हणाले, "पाणी फार पिते म्हणून तुम्ही मला सांगितलं होतंत. मी रोज औषधं विकतो. मला कळायला पाहिजे होतं."

मीही म्हणालो, "आणि निसर्गाचा नियम मी सांगितला होता."

"गप्प बसा दोघं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या चुकीत वाटा मागायला येऊ नका. ती सगळी माझी आहे."

दार उघडलं तेव्हा दीड वाजला होता. डॉक्टरीण घामानं भिजलेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, सिस्टरांनी बघितलं. तिनं तो कोरा ठेवला नव्हता. थकलेला, घाबरलेला, जसा होता तसा घेऊन आली होती.

"पिशवी निघाली. फुटली नाही, अख्खी निघाली. साडेतीन किलो." मग सिस्टरांसमोर खाली बसून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पण जिंकलो म्हणू नका. मूत्रपिंडं थकलीत. सलाइन चालू आहे. उद्या दुपारपर्यंत लघवी झाली तर आशा आहे. नाही झाली तर... तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. बाळंतिणीची पहिली लघवी झाली की नाही हे छत्तीस वर्षं सिस्टरांनीच वहीत लिहिलं होतं.

त्या घरी आल्या नाहीत. डॉक्टरणीनं त्यांना पिंजऱ्यांच्या खोलीत सतरंजी टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो तर त्या भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसलेल्या, ठकी मांडीवर, पोटाला पांढरा पट्टा, पायाला सलाइनची नळी. दोघींचेही डोळे अर्धे मिटलेले.

"झाली?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

दहा वाजता आमच्या हिचा फोन. झाली का? नाही. साडेदहाला व्याहीबुवा. झाली का? नाही. अकराला तो बँकेचा मॅनेजर, त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. काही दिवसांपूर्वी हीच सगळी मंडळी याच सुरात "झाली का, किती झाली" विचारत होती. आता अख्खी इमारत एका कुत्रीच्या लघवीसाठी श्वास रोखून बसली होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं. मी विनोदी माणूस म्हणून थोडा ओळखला जातो. मलाही येत नव्हतं.

डॉक्टरीण दर अर्ध्या तासानं येऊन पोटाखाली चाचपायची, सलाइनचा थेंब वाढवायची आणि परत जायची. बारा वाजले. ठकीच्या नाकाला कोरड आली होती. सिस्टर बोट ओलं करून ते पुसत होत्या. त्यांना वाटलं असेल मी बाहेर आहे, किंवा मी आहे हे त्या विसरल्या असतील.

"हौस माझी होती गं," त्या ठकीला सांगत होत्या. "तू कुठे मागितलं होतंस? तुला पोळीचा तुकडा हवा असला तर तू सरळ मागतेस. दार उघडून हवं असलं तर मागतेस. हे तू एकदाही मागितलं नाहीस. मला घरात बाळ हवं होतं, ते तुझ्या पोटातून काढायला निघाले मी. आणि तुझ्या नावावर घातलं. म्हटलं, तिलाच पाहिजे." मग काही वेळ नुसतंच नाक पुसणं. "सगळ्यांच्या पोटातलं कळतं म्हणून मिरवलं मी. तुझं आतून सडत होतं आणि मी ठोके मोजत होते. मेलीस तर काय करू गं मी? कुणाला सांगू?"

मी तिथून उठून जायला हवं होतं. उठता आलं नाही.

साडेबाराला ठकीनं पुढचे पाय ताठ केले. मान उचलली. तिची नजर दाराकडे गेली आणि ती उठायला धडपडू लागली. अर्धी उठली, मागचे पाय वाकडे पडले, पुन्हा मांडीवर कोसळली. तोंडातून बारीक, कण्हल्यासारखा आवाज.

"डॉक्टर!" मी ओरडलो. मला वाटलं, चालली.

डॉक्टरीण धावत आली. सिस्टरांनी तिला हातानं थोपवलं. त्या ठकीच्या तोंडाकडे बघत होत्या. "बाहेर जायचंय तिला," त्या हळूच म्हणाल्या. "सात वर्षांत घरात एक थेंब केला नाही तिनं. मी करू दिला नाही. ती दाराकडे बघतेय."

"टाके आहेत, हलवू नका! इथेच करू दे."

"कर गं," सिस्टर म्हणाल्या. "कर इथेच. कुणी रागावत नाही."

ठकी पुन्हा दाराकडे बघून कण्हली. मग तिचं अंग सैल पडलं. सिस्टरांच्या पांढऱ्या कपड्यांवर आधी एक रुपयाएवढा पिवळा डाग आला, मग तो पसरत गेला, मांडीवरून खाली, सतरंजीवर. ठकीनं कान पाडले, ड्युटीवरचा आणि रजेवरचा दोन्ही, आणि गुन्हा केल्यासारखं तोंड सिस्टरांच्या कोपराखाली लपवलं.

सिस्टर रडत होत्या. तोंड उघडं टाकून, आवाज करून, लहान पोरासारख्या.

डॉक्टरणीनं स्वतःचे डोळे बाहीनं पुसले. "सिस्टर, अजून दोन-तीन दिवस सांगता येत नाही हं. पण हे चांगलं झालं. फार चांगलं झालं. उठा आता, मी तिला धरते, तुम्ही कपडे बदला."

"थांब गं बाई जरा," सिस्टर हुंदके देत म्हणाल्या, आणि ओल्या मांडीवरून तसूभरही हलल्या नाहीत. "अजून होतंय तिचं."